डिंगलची वाट: आयर्लंडच्या किनाऱ्यावर स्वतःच्या भरवशावर नऊ दिवस

आपल्याकडे ट्रेकला गेलं की पुढे एक लीडर असतो, मागे एक असतो आणि कुठे थांबायचं, कधी परत फिरायचं हे तेच ठरवतात. आपण फक्त चालायचं आणि पोह्यांची वाट पाहायची. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या, वीस-बावीस वर्षं अशाच चाललो. मग एका वर्षी ठरवलं की लीडरशिवाय जायचं, आणि जरा लांब जायचं.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी परगण्यात डिंगल नावाचं द्वीपकल्प आहे. अटलांटिक महासागरात बोट घातल्यासारखं ते पश्चिमेकडे गेलेलं आहे. त्याला वळसा घालणारी १७९ किलोमीटरची खुणा केलेली पायवाट म्हणजे ‘डिंगल वे’. ती ट्रली या गावात सुरू होते आणि तिथेच संपते. वाटेत दर वीसेक किलोमीटरवर गाव लागतं, मुक्कामाला घरं मिळतात, मोठी बॅग गाडीने पुढे जाते. तंबू लागत नाही, शिधा लागत नाही, दोर लागत नाही. लागतं ते एवढंच, की रोज सकाळी आपलं आपण ठरवायचं. आम्हाला तेच सगळ्यात जड गेलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. महिना आणि दिवस आधी नक्की करा

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या सुट्ट्या असतात, खोल्या मिळत नाहीत. हिवाळ्यात दिवस लहान, वारा बेफाम, आणि बरीच घरं पाहुण्यांसाठी बंद. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अंधार पडण्याची भीती जवळजवळ नाहीच. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो.

बहुतेक जण ही वाट आठ दिवसांत चालतात. तुम्ही नऊ धरा आणि मधला एक दिवस डिंगल गावात मोकळा ठेवा. भारतातून एवढ्या लांब जाऊन आठव्या दिवशी संध्याकाळी ट्रलीला आणि नवव्या दिवशी पहाटे विमानात, असा कार्यक्रम आखू नका. एक दिवस पावसात गेला की सगळी आखणी कोसळते.

२. व्हिसा: शेंगेन चालत नाही

हा पहिला सापळा. आयर्लंड युरोपीय संघात आहे, युरो वापरतं, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. फ्रान्सचा व्हिसा घेऊन डब्लिनला उतरता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज त्यांच्या ‘अवॅट्स’ नावाच्या ऑनलाइन पद्धतीत भरायचा, त्याची छापील प्रत सही करून बाकी कागदांसोबत द्यायची. इंग्लंडही करायचं असेल तर भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश संयुक्त योजना आहे, एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं, आणि व्हिसावर त्या योजनेचा शिक्का आहे ना ते पासपोर्ट हातात आल्याआल्या पाहायचं.

आम्ही जोडलेले कागद:
- पासपोर्ट, जुने पासपोर्टसुद्धा
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- नोकरीचं पत्र आणि मंजूर रजा (बहीण निवृत्त, तिने पेन्शनचे कागद लावले)
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग
- प्रवास विमा
- रोज कुठून कुठे चालणार याचं एक पानी पत्र

शेवटच्या पत्राला फार महत्त्व आहे. ‘पर्यटन’ एवढंच लिहून नऊ वेगवेगळ्या खेड्यांतली बुकिंगं जोडली तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पत्रात वाटेचं नाव, रोजचं अंतर आणि मुक्काम लिहा. दोन महिने हातात ठेवून अर्ज करा आणि मुक्काम रद्द करता येतील असेच घ्या. विमा घेताना डोंगरातलं चालणं त्यात धरलेलं आहे का ते विचारा. विमा विकणाऱ्याला हा प्रश्न आवडत नाही, तरी विचारा.

३. मुक्काम आणि बॅग

दोन मार्ग आहेत. चालण्याच्या सहली आखून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना पैसे दिले की त्या खोल्या ठरवतात, बॅग रोज पुढे पोहोचवतात, नकाशे देतात आणि फोनवर मदतीला असतात. सोबत मात्र कुणी चालत नाही. नाहीतर हे सगळं स्वतः करायचं. आम्ही खोल्या स्वतः ठरवल्या आणि फक्त बॅग पोहोचवण्याचं काम दिलं. पैसे वाचले, पण ईमेल करून करून डोकं उठलं.

पश्चिम टोकाला डंक्विन आणि डोंगरापलीकडे क्लॉहन, या दोन ठिकाणी खोल्या अगदी मोजक्या आहेत. या दोन रात्री आधी पक्क्या करा, मग बाकीच्या त्यांच्याभोवती बसवा. आम्ही उलट केलं. डंक्विनची खोली मिळेना म्हणून तीन ठिकाणचे दिवस बदलावे लागले. एकटं जाणाऱ्याला खोलीचे जवळजवळ दोघांचे पैसे पडतात, हेही हिशेबात धरा.

मुक्कामाच्या घरी पोहोचण्याची वेळ आदल्या दिवशी कळवा. दुपारी तीन-चारच्या आधी खोली देत नाहीत. आणि रात्रीचं जेवण! पबचं स्वयंपाकघर नवाच्या आसपास बंद होतं, कधी त्याच्याही आधी. बाहेर लख्ख उजेड असतो, आपल्याला भूकच साडेआठला लागते, आणि तिथली मुलगी हसून सांगते, किचन बंद.

४. बॅगेत काय घ्यायचं

पावसाची आपली सवय इथे उपयोगाची नाही. कोकणातला पाऊस वरून पडतो, हा बाजूने येतो. छत्री पहिल्या तासात उलटी होते, पोंचो पतंगासारखा उडतो. टोपीचं चांगलं रेनजॅकेट आणि वरून चढवायची रेनपँट, यावर खर्च करा. जीन्स घेऊच नका, भिजली की दोन दिवस वाळत नाही. बूट घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे आणि आधी शंभरेक किलोमीटर चाललेले. भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, घरमालकीण स्वतःहून रद्दी देते.

बाकी यादी: लोकरीच्या मोज्यांचे तीन-चार जोड, चालायच्या दोन काठ्या, फोडांसाठी पट्ट्या, शिट्टी, पॉवर बँक, आणि इंग्लंडमध्ये चालते तीच तीन चपट्या पिनांची प्लग-जोडणी. आयर्लंडच्या सरकारी ‘डिस्कव्हरी’ नकाशामालिकेतले ७० आणि ७१ क्रमांकाचे कागदी नकाशे घ्या. पश्चिमेला फोनला कित्येकदा रेंज नसते, म्हणून मोबाइलवरचा नकाशाही आधीच उतरवून ठेवा.

खाण्याचं: चिवडा, चिक्की, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतात. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. बहिणीच्या सासूबाईंनी प्रेमाने दिलेली कलाकंदाची पेटी आम्हाला विमानतळावर निघण्याआधी भाच्याच्या हवाली करावी लागली. खोलीत किटली असतेच, त्यामुळे नुसतं पाणी घालून होणारे पोहे-उपमा घेतलेत तर ओल्या संध्याकाळी फार आधार वाटतो.

५. पायांची तयारी

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी गाफील राहू नये, आम्ही त्यातल्याच. इथे चढ फारसा नाही, पण रोज वीस किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी परत वीस. त्यातला बराच भाग डांबरी गल्लीवजा रस्त्याचा, आणि डांबर तळव्यांना खातं. निघण्याआधी तीन महिने, शनिवार-रविवार लागोपाठ पंधरा-पंधरा किलोमीटर चालून पाहा. सोमवारी सकाळी जिना उतरता आला तर तयारी झाली म्हणायची.

६. पाट्या वाचायला शिका

वाटेची खूण सोपी: काळ्या खांबावर पिवळा चालणारा माणूस आणि बाण. दहा मिनिटांत एकही पिवळा माणूस दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खांबाकडे परत या.

गावांच्या पाट्या अवघड. द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात आयरिश भाषा बोलली जाते आणि तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. तुमच्या बुकिंगवर डिंगल, पाटीवर ‘अन डँगन’. बुकिंगवर डंक्विन, पाटीवर ‘डून खीन’. स्पेलिंग पाहून तर ओळखू येतच नाही. प्रत्येक मुक्कामाचं आयरिश नाव कागदावर त्यांच्या स्पेलिंगमध्ये उतरवून खिशात ठेवा. थोडे शब्दही उपयोगी पडतात: त्रा म्हणजे पुळण, क्नॉक म्हणजे डोंगर, डून म्हणजे गढी.

आणि पबमधली स्वच्छतागृहं. एका दारावर ‘म्ना’, दुसऱ्यावर ‘फिर’. इंग्रजी लिपीत पहिल्याचं आद्याक्षर एम, दुसऱ्याचं एफ. त्यावरून पुरुष-बाई ठरवाल तर बरोबर उलट्या दारात जाल. म्ना म्हणजे बायका. मी एकदा चुकले आहे, अधिक तपशील देणार नाही.

वाट बरीचशी शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून, त्यांच्या परवानगीने जाते. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. कुंपणाच्या तारेत वीज असू शकते, हात लावून खात्री करू नका. संध्याकाळी पाय, कंबर, गुडघ्यामागची जागा तपासा. मेंढ्यांच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो.

७. रोजची वाट

पहिला दिवस, ट्रली ते कॅम्प, १८ किलोमीटर. (हो, गावाचं नाव कॅम्पच. पुणेकरांनी हसून घ्यावं.) सुरुवात कालव्याच्या काठाने, पुढे ब्लेनरव्हिलची पांढरी पवनचक्की, मग स्लीव्ह मिश डोंगरांच्या कुशीतून. इथे दलदलीची पहिली ओळख होते. हिरवंगार दिसतं तिथे पाय टाकू नका, काठी आधी, पाय नंतर.

दुसरा दिवस, कॅम्प ते ॲनस्कॉल, १७ किलोमीटर. वाटेत इंचची लांबच लांब पुळण. ॲनस्कॉलजवळ टॉम क्रीन जन्मला, १८७७ मध्ये. अंटार्क्टिकाच्या तीन मोहिमा करून हा माणूस गावी परतला आणि त्याने पब काढला. नाव ठेवलं ‘साउथ पोल इन’. पब अजून आहे, समोर त्याचा पुतळाही आहे.

तिसरा दिवस, ॲनस्कॉल ते डिंगल, २२ किलोमीटर. मिनार्डचा पडका किल्ला लागतो. १६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. खाली समुद्रावर वाळू नाहीच, नुसते कलिंगडाएवढे गोटे. डिंगल हे ट्रलीनंतरचं एकमेव मोठं गाव. एटीएम, औषधं, सुपरमार्केट, कपडे धुऊन घेणं, सगळं इथेच उरका, पुढे भरवसा नाही. बंदरावर फंगी डॉल्फिनचा पुतळा आहे. १९८३ पासून एकटाच या खाडीत राहायचा, २०२० च्या ऑक्टोबरात दिसेनासा झाला. मोकळा दिवस इथे घालवा.

मासे खाणाऱ्यांची डिंगलमध्ये चंगळ आहे. इथला मॅकरल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, फक्त तिखट नाही. शाकाहाऱ्यांनी सूप मागताना ‘चिकनच्या पाण्यात केलंय का’ हे विचारायचं, आणि सकाळच्या न्याहारीत काळ्या चकत्या दिसल्या तर त्या नाचणीच्या वड्या नव्हेत, ब्लॅक पुडिंग आहे, रक्ताचं. ब्राउन ब्रेड मात्र अप्रतिम. दुपारसाठी दोन स्लाइस गुंडाळून मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही.

चौथा दिवस, डिंगल ते डंक्विन, सुमारे २१ किलोमीटर. आम्हाला सगळ्यात आवडलेला. व्हेंट्रीच्या पुळणीवरून चालत जायचं, मग स्ले हेडचा डोंगरउतार, उजवीकडे मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या आकाराच्या जुन्या दगडी झोपड्या, डावीकडे सरळ अटलांटिक. काही झोपड्या शेतकऱ्यांच्या आवारात आहेत आणि ते दोन-चार युरो घेतात, सुटे ठेवा. रस्त्याचा तुकडा येतो तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. रस्ता अरुंद आणि पर्यटकांच्या बस रुंद.

टोकावरून ब्लास्केट बेटं दिसतात. मोठ्या बेटावर शेवटी जेमतेम बावीस माणसं उरली होती, १९५३ मध्ये सरकारने त्यांना किनाऱ्यावर आणून वसवलं. तरुण आधीच अमेरिकेला गेले होते. दुर्बिणीतून बिनछपराची घरं दिसतात. आमचं आजोळ राजापूरकडचं, कुलुपं लागलेली घरं आम्ही पाहिली आहेत, तरी बहीण तिथे बराच वेळ बोलली नाही. बोट सुटणं हवेवर अवलंबून असतं, म्हणून बेटावर जायचंच असा हट्ट धरू नका. डंक्विनचं ब्लास्केट केंद्र मात्र चुकवू नका.

पाचवा दिवस, डंक्विन ते फिओहनाग. सपाट, किनाऱ्याकिनाऱ्याने, पायांना विश्रांती. थोडी वाट वाकडी करून गॅलरसचं प्रार्थनागृह पाहा. आपल्या हेमाडपंती देवळांसारखंच चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेलं, आकार उलट्या होडीचा, आणि आत आजही पाणी गळत नाही.

८. डोंगराचा दिवस, आणि परत फिरण्याचा निर्णय

सहावा दिवस वेगळा. फिओहनागहून क्लॉहनला जाताना ब्रँडन डोंगराची धार ओलांडावी लागते. ब्रँडनचं शिखर ९५२ मीटर. वाट शिखरावर जात नाही, ब्रँडन आणि मासाटिअम्पन यांच्यामधल्या खिंडीतून, साधारण ६५० मीटरवरून जाते. चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, म्हणजे सिंहगडाच्या चढाएवढी धरा, फक्त लिंबू सरबत कुठेच नाही. खिंडीत ओगम या जुन्या आयरिश लिपीतला एक शिलालेख उभा आहे, अक्षरं म्हणजे दगडाच्या कडेवर कोरलेल्या रेघा. पलीकडचा उतार तीव्र आणि निसरडा आहे. मध्ये घर नाही, दुकान नाही, पाणीसुद्धा बरोबर न्यायचं.

आदल्या रात्री हवामान पाहा आणि सकाळी घरमालकिणीला विचारा. ती खिडकीतून डोंगराकडे बघून जे सांगेल ते फोनपेक्षा खरं. आमची म्हणाली, ‘मी नसते गेले.’ आम्ही तरी निघालो. का? तर बॅगा साडेआठलाच गाडीतून क्लॉहनला गेल्या होत्या. बॅग पुढे गेली म्हणजे आपल्यालाही डोंगर चढूनच गेलं पाहिजे, असं डोक्यात घट्ट बसतं. हा या सगळ्या वाटेवरचा सगळ्यात मोठा सापळा आहे.

तासाभराने ढग खाली उतरला. एका खांबावरून पुढचा खांब दिसेना. बहीण म्हणाली, ‘ताई, पुढचा असेलच की सरळ.’ मी म्हटलं, ‘असेल.’ आणि दोघी तिथेच उभ्या राहिलो. लीडर असता तर त्याने एव्हाना ओरडून सगळ्यांना वळवलं असतं. पाच मिनिटं वाट पाहिली, खांब दिसला नाही, मग आलेल्या वाटेने उतरलो. घरमालकिणीने काही न बोलता चहा ठेवला आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सी डिंगलवरून कोनर पास ओलांडून क्लॉहनला जाते. पैसे लागतात, लागू देत. बहीण त्या दिवशी रुसली होती, संध्याकाळी पलीकडच्या बाजूनेही डोंगर दिसेना तेव्हा निवळली.

म्हणून आमचा नियम लिहून घ्या: पुढचा खांब दिसत नसेल तर पुढे जायचं नाही. आणि निघण्याच्या आदल्या रात्रीच एका टॅक्सीवाल्याचा नंबर घरमालकिणीकडून कागदावर घेऊन ठेवायचा. अडचणीत सापडलात तर ११२ लावा आणि डोंगरातली मदत हवी असं सांगा.

९. वाळू, आणि ट्रलीला परत

सातवा दिवस, क्लॉहन ते कॅसलग्रेगरी, सुमारे २८ किलोमीटर, सगळ्यात लांब. त्यातले दहा-बारा किलोमीटर एकाच पुळणीवरून. पहिला तास स्वर्ग, तिसऱ्या तासाला क्षितिज जागचं हलत नाही. आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवा. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावरून भराभर चालता येतं. उधाणाच्या भरतीला वरच्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढावे लागतात आणि वेळ दीडपट लागतो. बूट काढून चालायचा मोह होईल, अर्धा तास चाला, मग मोजे नीट झटकून परत घाला. वाळूचा एक कण आणि टाचेला फोड.

आठवा दिवस, कॅसलग्रेगरी ते ट्रली, २६ किलोमीटर. कॅम्पपासून पुढची वाट पहिल्या दिवसाचीच, उलटी. बरेच जण कॅम्पपर्यंत चालून पुढे बसने जातात, आम्हीही गेलो. बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि रविवारी त्याहून कमी, वेळापत्रक मुक्कामावरच पाहून निघा.

ट्रलीत एक रात्र काढा आणि बुटांचा चिखल तिथेच धुऊन टाका, नाहीतर तो बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना लागतो. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनला रेल्वेने साधारण चार तास लागतात. काही गाड्या थेट आहेत, काहींना मॅलोला उतरून बदलावं लागतं. तिकिटावर ते लिहिलेलं असतं, बसण्याआधी वाचा.